बोट, दिवा आणि मोबाईलवरचा ठिपका

आज बचतीचा हिशोब नाही की कर्जाचे हप्ते नाहीत. आज एका उपचाराचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि लढाया आठवतात, पण औषधांना आणि उपचारांनाही इतिहास असतो. तो माहीत असला की आपली फसगत कमी होते.

हा विषय मी का घेतला, ते आधी सांगते. आमच्या गटात एक मावशी आहेत. नाव सांगणार नाही, पण त्यांना विचारूनच बोलते आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा त्यांच्या गोठ्यात रात्री पाणी शिरलं. घरची माणसं माळ्यावर चढली. मावशी म्हशीचं दावं सोडायला परत खाली उतरल्या. गाठ पाण्यानं फुगली होती, ती सुटेना. शेवटी मुलानं दंड धरून त्यांना वर ओढलं. म्हैस बराच वेळ ओरडत होती. मग ओरडायची थांबली.

तेव्हापासून पत्र्यावर पावसाचा आवाज आला की मावशी झोपेतून उठून बसतात. त्यांची बोटं गाठ सोडवल्यासारखी हलत राहतात. घरचे म्हणायचे, "एका म्हशीपायी किती दिवस रडायचं?"

मग नातवानं मोबाईलवर एक अ‍ॅप काढून दिलं. काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका डावीकडून उजवीकडे जातो, उजवीकडून डावीकडे येतो. वाईट आठवण मनात आणा, ठिपक्याकडे बघा, दहा मिनिटांत मन हलकं, असं त्यात लिहिलेलं. मावशींनी रात्री सगळे झोपल्यावर, एकटीनं ते करून बघितलं. म्हैस तर डोळ्यांपुढे आलीच, पण तिच्यामागून तीस वर्षांपूर्वी गेलेलं त्यांचं तान्हं बाळही आलं. पहाटेपर्यंत त्या थरथरत बसल्या होत्या. पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा म्हणाल्या, "पोरी, त्यो ठिपका खरा का खोटा, येवढं इचारून सांग."

मी तालुक्याच्या समुपदेशक ताईंना विचारलं, मिळेल ते वाचलं. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी १९८७ सालापासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षी अमेरिकेत, कॅलिफोर्नियामध्ये, फ्रॅन्सिन शापिरो नावाच्या एक बाई एका बागेतून चालत होत्या. त्या मूळच्या इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक. काही वर्षांपूर्वी त्यांना कर्करोग झाला होता. त्यातून उठल्यावर मन आणि शरीर यांचं नातं काय, या प्रश्नाच्या मागे लागून त्या मानसशास्त्राकडे वळल्या होत्या. चालता चालता त्यांच्या मनात त्रासदायक विचार येत होते, आणि ते आपोआप फिके पडत होते. असं का होतंय म्हणून त्यांनी स्वतःकडे बारकाईनं पाहिलं. विचार आला की त्यांचे डोळे भराभर इकडून तिकडे हलत होते. मग त्यांनी मुद्दाम तसं करून पाहिलं. नंतर ओळखीच्या लोकांवर करून पाहिलं.

इथे पहिली अडचण आली. सांगितल्यावर डोळे सारखे हलवत राहणं पुष्कळांना जमेना. म्हणून शापिरो समोर बसून स्वतःची दोन बोटं हलवू लागल्या आणि माणसाला म्हणू लागल्या, माझ्या बोटांमागे डोळे न्या. या उपचाराचं पहिलं साधन ते. वीज नाही, यंत्र नाही, फक्त समोर बसलेल्या माणसाचं बोट.

१९८९ साली त्यांनी आपला अभ्यास छापला. त्यात २२ माणसं होती. कुणी व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक, कुणी बलात्कार सोसलेल्या स्त्रिया, कुणावर लहानपणी अत्याचार झालेला. त्यांचा त्रास कमी झाला, असं शापिरो यांनी मांडलं. अभ्यास लहान होता आणि उपचार करणारी व्यक्तीच तपासणारी होती. त्यामुळे पुष्कळ तज्ज्ञांनी नाकं मुरडली. बोट हलवून कुठे दुःख जातं का, ही टीका खूप वर्षं चालली. ती टीका झाली हे चांगलंच झालं, कारण त्यामुळेच पुढे नीट चाचण्या झाल्या.

मधल्या काळात या पद्धतीला नाव मिळालं. इंग्रजी आद्याक्षरं घेऊन तिला ईएमडीआर म्हणतात. मराठीत सांगायचं तर डोळ्यांच्या हालचालींतून आठवणीची धार कमी करणं आणि ती आठवण मनात नव्यानं लावून घेणं. या लावून घेण्यासाठी शापिरो यांनी आठ पायऱ्या ठरवल्या. आधी माणसाची सगळी हकिकत समजून घ्यायची. मग त्याला धीर देऊन, त्रास वाढला तर शांत कसं व्हायचं ते शिकवायचं. मग नेमकी कोणती आठवण घ्यायची ते ठरवायचं, आणि तिचा त्रास शून्य ते दहामध्ये किती ते विचारायचं. डोळे हलवणं सुरू होतं ते चौथ्या पायरीवर. त्यानंतर चांगला विचार मनात रुजवणं, अंगात कुठे ताण उरला आहे का ते बघणं, माणसाला शांत करून घरी पाठवणं आणि पुढच्या भेटीत पुन्हा तपासणं, अशा चार पायऱ्या येतात.

मैत्रिणींनो, हा चौथा आकडा लक्षात ठेवा. आपल्याला तो पुन्हा लागणार आहे.

आता साधनांकडे येऊ. एका बैठकीला तासभर, दीड तास लागतो. एवढा वेळ हात हलवून उपचार करणाऱ्याचा खांदा भरून यायचा. म्हणून नव्वदच्या दशकात दिव्यांची पट्टी आली. तिवईवर आडवी पट्टी, तिच्यात ओळीनं बारीक दिवे. एक विझतो, पुढचा लागतो, आणि उजेड इकडून तिकडे धावतो. वेग कमी-जास्त करायला हातात बटण. काहींचे डोळे दुखायचे, काहींना दिसतच नसे. त्यांच्यासाठी दोन्ही हातांत धरायच्या लहान वस्तू आल्या, त्या एकदा डाव्या, एकदा उजव्या मुठीत थरथरतात. कुणी कानाला हेडफोन लावून एकदा या कानात, एकदा त्या कानात टिकटिक ऐकवू लागले. दर साधनामागे कुणाची तरी खरी अडचण होती.

सगळ्यांत साधं साधन मात्र संकटातून आलं, आणि त्याला पैसा लागत नाही. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मेक्सिको देशाच्या अकापुल्को भागाला पॉलीन नावाच्या चक्रीवादळानं झोडपलं. घरं वाहून गेली. मुलांचे जथेच्या जथे भेदरलेले, आणि उपचार करणारी माणसं थोडी. एकेका मुलापुढे बोट हलवत बसायला वेळ कुठून आणायचा? तिथे काम करणाऱ्या लुसिना आर्तिगास यांनी मुलांना दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन आपल्याच दंडांवर आळीपाळीनं हलके थोपटायला शिकवलं. एकदा डावा, एकदा उजवा, फुलपाखरानं पंख हलवावेत तसं. तिला नावही पडलं, फुलपाखराची मिठी. तिथे मुलांना शिकवणारी, त्यांच्यावर नजर ठेवणारी माणसं जवळ उभी होती, हेही विसरू नका.

भारतात ही पद्धत पोचली, तीही संकटांच्याच वाटेनं. १९९५ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात बॉम्बस्फोट झाला, १६८ माणसं गेली. त्यानंतर तिथल्या ईएमडीआर करणाऱ्यांनी मदतकार्याची एक संस्था उभी केली. २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला, २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. अशा संकटांनंतर त्या संस्थेच्या लोकांनी आपल्याकडच्या मानसोपचार करणाऱ्यांना शिकवलं. आज मुंबईसारख्या शहरांत ही पद्धत शिकलेले लोक आहेत. खेड्यापाड्यांत अजून फार थोडे.

आता तुम्ही विचाराल, डोळे हलवल्यानं होतं तरी काय? यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. पण चाचण्यांतून जास्त आधार मिळालेलं एक स्पष्टीकरण मला पटलं, ते आपल्या भाषेत सांगते. परातीत एका वेळी मावेल तेवढंच पीठ मळता येतं. मनाचंही तसंच. आठवण वर काढली की ती सगळी परात व्यापते. त्याच वेळी डोळ्यांना बोटामागे धावायचं काम दिलं, तर आठवणीला पुरेशी जागा मिळत नाही. तिचे रंग, तिचा आवाज जरा फिका होतो. मग ती मनात परत ठेवली जाते, ती फिकी होऊनच. घडलेलं पुसलं जात नाही, त्याचा चटका कमी होतो.

याची पडताळणी करताना साधनांचीही परीक्षा झाली. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की कानातल्या टिकटिकीपेक्षा डोळ्यांच्या हालचालींचा परिणाम जास्त होतो. म्हणजे टिकटिकीची यंत्रं वर्षानुवर्षं वापरात होती आणि त्यांची ताकद कमी आहे हे नंतर कळलं. बाजारात वस्तू आधी येते, तपासणी मागून येते. खतांच्या आणि बियाण्यांच्या बाबतीत हा अनुभव आपण घेतलेलाच आहे.

याच विचाराच्या शेजारची एक गंमत सांगते. मोबाईलवर वरून ठोकळे पडतात आणि ते ओळीत बसवायचे, असा टेट्रिस नावाचा खेळ आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात वाहन अपघातातून नुकत्याच आलेल्या ७१ जणांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापला गेला. त्यातल्या काहींना अपघातानंतर सहा तासांच्या आत, ते प्रसंग आठवायला सांगून मग हा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांपुढे अपघाताची दृश्यं इतरांपेक्षा कमी वेळा आली. हा ईएमडीआर नव्हे. पण डोळ्यांना आणि मनाला काम दिलं की आठवणीची पकड सैल होते, हे इथेही दिसलं. तिथेही खेळ हातात देणारं, आधी काय करायचं ते सांगणारं माणूस समोर होतं.

२०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या आघातानंतरच्या मानसिक आजारासाठी, मोठ्यांना आणि मुलांनाही, ज्या थोड्या पद्धती सुचवल्या त्यांत ईएमडीआर आहे. संघटनेनं एक गोष्ट नोंदवली, ती आपल्या बायकांसाठी फार मोलाची आहे. या उपचारात घडलेला प्रसंग तपशीलवार सांगावा लागत नाही. ज्या बाईवर अत्याचार झाला, तिला ते सगळं परत तोंडानं उच्चारायला लावत नाहीत. तिनं ते मनात धरायचं, डोळ्यांनी बोटामागे जायचं आणि अधूनमधून 'आता काय जाणवतंय' एवढंच सांगायचं. आपल्याकडे किती जणी केवळ 'सांगायचं कसं' म्हणून गप्प राहिल्या, ते तुम्हाला माहीत आहे. पण संघटनेनं हेही बजावलं की हे काम शिकलेल्या आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली असलेल्या माणसानंच करावं.

मग २०२० चा मार्च आला. करोना. दवाखान्यांची दारं बंद, आणि मनाचे त्रास तर वाढलेले. समोर बसून बोट हलवणारेच घरात अडकले. तेव्हा जगभरच्या उपचार करणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलचा रस्ता धरला. एका बाजूला त्यांचा चेहरा, दुसरीकडे पडद्यावर हलणारा ठिपका. ठिपक्याचा वेग त्यांच्या हातात. ठिपका चालत नसेल तिथे माणसानं स्वतःच दंडांवर थोपटायचं. मेक्सिकोच्या मुलांची फुलपाखराची मिठी अशी पडद्यावर आली. त्या काळात ब्रिटनमध्ये झालेल्या एका पाहणीत, व्हिडिओवरून उपचार घेतलेल्यांचा त्रासही कमी झाल्याचं दिसलं.

२०२१ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्यातले प्रिन्स हॅरी टीव्हीच्या एका मालिकेत हा उपचार घेताना दिसले. त्यांची आई डायना १९९७ मध्ये अपघातात गेली, तेव्हा ते १२ वर्षांचे होते. राजाचा मुलगा डोळे मिटून, हात छातीवर आडवे घेऊन आपलेच खांदे थोपटतोय, आणि उपचार करणाऱ्या बाई पडद्यावरून त्याच्याशी बोलत आहेत, हे लोकांनी पाहिलं. मनाला झालेली जखम गरीब-श्रीमंत बघत नाही, हे पुष्कळांना त्यातून कळलं.

पण हलणाऱ्या ठिपक्याचे व्हिडिओ आणि अ‍ॅप कुणालाही सहज मिळू लागले होते. दहा मिनिटांत मन हलकं, म्हणणारे. आणि पडद्याच्या पलीकडचा माणूस त्यातून गाळला गेला.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. तो चौथा आकडा आठवतोय ना? डोळे हलवणं चौथ्या पायरीवर येतं. मावशींच्या हातात मोबाईलनं थेट चौथी पायरी दिली. पहिल्या तीन नाहीत, नंतरच्या चार नाहीत. एक आठवण उघडली की तिला जोडलेली दुसरी उघडू शकते, हे शिकलेल्या माणसाला ठाऊक असतं. ते थांबवतं, धीर देतं, मन जाग्यावर आणतं. बाळाची आठवण वर आली तेव्हा मावशींजवळ कोण होतं? ठिपका आपला डावीकडून उजवीकडे जात राहिला. त्याला काय ठाऊक!

तर मावशी, ठिपका खोटा नाही. तो एकटा पुरा नाही, एवढंच.

पुढे काय झालं तेही सांगते. समुपदेशक ताईंनी शहरातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंचा पत्ता मिळवून दिला. पहिल्या दोन भेटी आम्ही एसटीनं जाऊन घेतल्या. त्यांत ठिपका नाही, बोटही नाही, फक्त बोलणं आणि श्वासाचा सराव. नंतरच्या काही बैठका माझ्या घरी व्हिडिओवरून झाल्या, कारण मावशींच्या घरी दार लावून बसायला खोली नाही. त्या बाईंनी आधीच माझा नंबर आणि घराचा पत्ता लिहून घेतला होता. नेटवर्क गेलं तर काय करायचं, तेही ठरवलं होतं. आमच्याकडचं नेटवर्क दोनदा गेलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी लगेच साधा फोन लावला. बाळाच्या आठवणीचं काम मात्र त्यांनी समोरासमोरच करू म्हणून ठेवलं आहे. ते अजून चालू आहे.

यातून मी आपल्या गटांसाठी चार गोष्टी लिहून ठेवल्या आहेत.

पहिली. कुणी ईएमडीआर करतो म्हणालं, तर विचारा: तुमचं मूळ शिक्षण काय, आणि या पद्धतीचं प्रशिक्षण कुठे झालं? क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ती विचारण्यात लाजायचं काही नाही. दुकानाचा परवाना आपण विचारतोच की.

दुसरी. फिट येत असतील, डोळ्यांचा आजार असेल, पोटात बाळ असेल, तर ते आधी सांगा. हलत्या उजेडाऐवजी दुसरं साधन घेता येतं किंवा थांबता येतं.

तिसरी. ज्या घरात मारहाण अजून चालू आहे, तिथे व्हिडिओवर बसायच्या आधी त्या बाईची सुरक्षितता बघायची. दाराबाहेर कोण ऐकतंय? मोबाईल कुणाच्या ताब्यात आहे? अशा वेळी आधी महिला हेल्पलाइन १८१.

चौथी. जवळ कुणीच माहीत नसेल तर १४४१६ हा नंबर लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीसुद्धा चालते, मराठीत बोलता येतं. तिथे बोलून घेतात आणि पुढे कुठे जायचं ते सांगतात.

आणि फुलपाखराची मिठी? जीव घाबरा झाला, छाती धडधडली, तर हात आडवे घेऊन हळूहळू थोपटायला, सावकाश श्वास घ्यायला हरकत नाही. मात्र एकटीनं बसून जुनी जखम मुद्दाम उकरून काढत थोपटू नका. ते काम दोघींचं आहे, आणि त्यातली एक शिकलेली हवी.

गेल्या महिन्यात पाऊस लागला. सकाळी मी मावशींना फोन केला, झोप लागली का म्हणून. म्हणाल्या, "जाग आली गं. म्हस दिसली. पण लांब हुती, बांधाच्या पल्याड. हात गप हुतं माझं. मग उठून चुलीवर चहा ठेवला."

मावशींनी मला हेही सांगायला सांगितलं आहे की गटातल्या कुणाला विचारायचं असेल, तर त्यांच्याकडे यावं. त्या बोलतील.